कार्डावर नऊ महिने ११०/७०

गरोदर बाईचं माता-बाल संरक्षण कार्ड हातात आलं की आधी बीपीचा रकाना वाचावा. तिसऱ्या महिन्यात ११०/७०, पाचव्यात ११०/७०, सातव्यात आणि नवव्यातही तेच, असं दिसलं की समजायचं, आकडा लिहिलाय, मोजलेला नाही. कुणाचंच बीपी इतकं एका जागी बसून राहत नाही. गरोदरपणात तर ते पहिल्या तिमाहीनंतर उतरतं, साधारण २० ते २४ आठवड्यांच्या सुमारास सगळ्यात खाली असतं आणि मग दिवस भरत येईपर्यंत हळूहळू मूळ पातळीवर चढतं. नीट मोजलेल्या कार्डावर ही उतरण आणि चढण दिसते. आणखी एक खूण म्हणजे शेवटचा शून्य. घड्याळाच्या काय किंवा पाऱ्याच्या काय, मशीनवर रेघा दोन-दोनच्या असतात. त्यामुळे ११८/७६, १२४/८२ असे आकडे यायला हवेत. सगळेच आकडे शून्यावर संपत असतील तर कुणीतरी ते सोयीने गोल केलेत. १३८/८८ चं १३०/८० करायला पेनाचा एक फटकारा पुरतो, आणि तेवढ्यात महिनाभराची सावधगिरी हातची जाते.

या उतरणीमुळेच पहिली नोंद १२ आठवड्यांच्या आत हवी. तिसरा महिना सरेपर्यंत कुणाला सांगायचं नाही, अशी आपल्याकडे रीत आहे. गावाला नका सांगू, पण आशाताईला आणि उपकेंद्राच्या सिस्टरला सांगा. समजा एखादीचं बीपी मुळातच १४४/९४ आहे आणि तिला पत्ताच नाही. पाचव्या महिन्यात पहिल्यांदा मोजलं तर ते १२८/८२ येतं आणि सगळे निश्चिंत होतात. आठव्यात पुन्हा १४४/९४ आलं की प्रश्न पडतो : हे जुनं बीपी आहे, की गरोदरपणात नव्याने सुरू झालेलं? २० आठवड्यांच्या आधी वाढलेलं असेल तर ते जुनं, नंतर वाढलं तर गरोदरपणाचं, आणि त्याच्या जोडीला लघवीतून प्रथिनं जाऊ लागली किंवा लिव्हर, किडनी, प्लेटलेट बिघडू लागल्या तर प्रीएक्लॅम्पसिया. उपचार आणि प्रसूतीची वेळ यावरूनच ठरते. पहिली नोंदच नसेल तर डॉक्टरलाही अंदाजानेच चालावं लागतं.

जोखीम कुणाला जास्त, हे थोडक्यात सांगते. मागच्या बाळंतपणात बीपी वाढलं होतं, आधीपासून बीपी, साखर किंवा किडनीचा आजार आहे, ल्युपससारखा, शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटणारा आजार आहे, पोटात जुळं आहे, यातलं एक जरी असेल तरी ती अतिजोखमीची. पहिलटकरीण, वय ३५ च्या पुढे, वजन जास्त, आईला किंवा बहिणीला हाच त्रास, आधीच्या बाळंतपणाला १० वर्षं उलटून गेलेली, यातल्या दोन गोष्टी जुळल्या तरी तीच काळजी. नंदुरबार-धुळ्याच्या आदिवासी पट्ट्यात यात सिकलसेलची, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकणाऱ्या आनुवंशिक रक्ताच्या आजाराची, भर घाला. सिकलसेलच्या बाईचं मूळ बीपी इतरांपेक्षा खालीच असतं, त्यामुळे तिच्या बाबतीत १४० ची वाट बघत बसू नये. नेहमी १००/६० असणारीचं १२६/८० झालं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते. तिथे अतिजोखमीच्या बाईच्या कार्डावर लाल स्टिकर लागतो आणि गरोदरपणातल्या बीपीसाठी निळा. स्टिकर लागला म्हणून घाबरायचं नाही, आणि लाज वाटते म्हणून तो खरवडूनही काढायचा नाही. रात्री दोन वाजता नव्या दवाखान्यात पोचल्यावर ड्युटीवरच्या माणसाला सगळ्यात आधी तोच दिसतो.

आता त्या ९ तारखेचंच चित्र बघा. बाई सकाळच्या एसटीने किंवा काळी-पिवळीने निघालेली. उन्हात अर्धा तास रांगेत उभी राहून आत आली. पाठीला टेका नसलेल्या स्टुलावर बसली, पाय अधांतरी, मांडीवर पिशवी. लघवीला जाऊ म्हणता म्हणता नंबर आला. पोलक्याची बाही कोपरापर्यंत घट्ट, ती वर सरकवली तर दंडाला दोरीसारखी आवळून बसली. सिस्टरने तिच्या खालीच पट्टा बांधला. नवरा शेजारून विचारतोय, "लोहाच्या गोळ्या संपल्या का गं?" ती उत्तर देतेय आणि तेवढ्यात मशीन फुगतंय.

या एका मोजणीत किती चुका झाल्या ते मोजू. बोलल्याने वरचा आकडा १० च्या आसपास वाढतो. लघवी तुंबलेली असली तर १० ते १५ ने. पाठीला टेका नसला तर ५ ते १०, पायावर पाय असला तर आणखी काही. हात हृदयाच्या पातळीपासून वीतभर खाली लोंबत असला तर १० ते १५ ची भर. या सगळ्यांची सरळ बेरीज होत नाही, पण १२६ च्या बाईला १४४ दाखवायला एवढं पुरेसं आहे. उलटंही घडतं, आणि ते जास्त घातक असतं. "डाव्या कुशीवर झोप बाई" म्हणून तिला झोपवतात आणि वरच्या, म्हणजे उजव्या हाताचं बीपी घेतात. तो हात हृदयापेक्षा उंच असतो, त्यामुळे आकडा १० किंवा त्याहून जास्त खाली येतो. खरं १५० असलेलं १३८ दिसतं आणि ती घरी जाते. दिवस भरत आलेल्या बाईला उताणं झोपवूनही मोजू नये. गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर पडतो, बीपी घसरतं आणि तिला गरगरतं.

म्हणून बरोबर पद्धत अशी : आधी लघवीला जाऊन यायचं. अर्धा तास आधी चहा नाही, मशेरी-तंबाखू नाही. तंबाखू तर एरवीही नकोच. टेक्याच्या खुर्चीत पाच मिनिटं गप्प बसायचं, पावलं जमिनीला टेकलेली, पायावर पाय नाही. घरी खुर्ची नसेल तर भिंतीला खाट लावून पाठीला उशी घ्यायची आणि पायांखाली पाट ठेवायचा. हात टेबलावर किंवा उशीवर असा टेकवायचा की पट्टा छातीच्या मधोमध येईल. घट्ट बाहीचं पोलकं त्या दिवशी घालूच नये, सैल बाहीचं घालावं. हात बाहीतून सरळ बाहेर काढला तर उत्तमच. बांगड्यांनी काही बिघडत नाही. पट्ट्याची खालची कड कोपराच्या खळीपासून दोन बोटं वर, आणि पट्टा इतपत आवळलेला की आत दोन बोटं जेमतेम शिरतील. एक मोजणी झाली की मिनिटभर थांबून दुसरी. दोन्ही लिहायच्या. पहिल्या भेटीत दोन्ही हातांचं बघावं. फरक १० पेक्षा जास्त आला तर ज्या हाताचा आकडा जास्त, तोच हात शेवटपर्यंत धरावा.

पट्ट्याबद्दल जरा जास्त बोलायला हवं, कारण त्याकडे कुणाचंच लक्ष नसतं. मशीनसोबत येणारा नेहमीचा पट्टा २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी असतो. पट्ट्यावरच ते छापलेलं असतं. खांद्याचं टोक आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये शिंप्याची टेप लावून घेर मोजा. जळगाव-भुसावळात ३४-३५ घेराच्या बायका कमी नाहीत. त्यांना हा पट्टा तोकडा पडतो आणि आकडा खोटा जास्त येतो, कधी १० ने, कधी त्याहूनही जास्त. मग गरज नसताना गोळ्या सुरू होतात आणि बीपी फार खाली आणलं तर बाळाकडे जाणारं रक्त कमी पडतं. त्यांना ३२ ते ४२ चा मोठा पट्टा लागतो. तो वेगळा विकत मिळतो, पण त्याच कंपनीचा आणि त्याच मशीनला चालणारा घ्यावा. सातपुड्यात उलटी गोष्ट. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या कित्येक बायकांचा दंड २१-२२ च्या पुढे जात नाही. त्यांना हाच पट्टा मोठा होतो आणि आकडा थोडा कमी दाखवतो. लोक म्हणतात, "अंगात रक्त नाही, तिला कसलं बीपी?" पण किडकिडीत बाईला, रक्त कमी असलेल्या बाईला प्रीएक्लॅम्पसिया होत नाही, हा समज निखालस खोटा आहे. हिमोग्लोबिन ७ आणि बीपी १५०, दोन्ही एकाच बाईत असू शकतं. तिच्यासाठी लहान पट्टा उपकेंद्रात असायला हवा. नसेल तर निदान १३६-१३८ ला "नॉर्मल" म्हणून सोडू नये.

घरी मशीन घ्यायचं असेल तर दंडावरचं घ्या. मनगटावरचं नको, ते हाताच्या उंचीवर फार डळमळतं. दुसरी अडचण अशी, की बरीच डिजिटल मशीनं साध्या माणसांवर तपासलेली असतात. प्रीएक्लॅम्पसियात रक्तवाहिन्यांचा ताठरपणा बदलतो आणि तीच मशीनं खरं बीपी कमी दाखवतात. गरोदरपणासाठी पडताळलेली मॉडेलं वेगळी असतात. स्ट्राइड बीपी नावाच्या आंतरराष्ट्रीय यादीत त्यांचा स्वतंत्र विभाग आहे, दुकानात जाण्याआधी मोबाइलवर मॉडेलचा नंबर तिथे बघून घ्या. मशीन आणलं की ते घेऊन दवाखान्यात जा आणि तिथल्या मोजणीशी ताडून बघा. त्याच हातावर, दोन-दोन मिनिटांच्या अंतराने, आलटून पालटून. फरक ५ च्या आत असला तर चालेल. १० च्या वर असला तर दुकानदाराला परत द्या. सेल मरतुकडे झाले की पट्टा मध्येच फुगायचा थांबतो आणि चुकीचा आकडा किंवा एरर येतो. नळी मुडपली तरी तेच. मशीन खिडकीत, पत्र्याखाली किंवा गाडीत ठेवू नये. मे महिन्यातला भुसावळचा पत्रा कुठलंच मशीन सहन करणार नाही. दवाखान्यातल्या घड्याळाच्या मशीनची एक तपासणी तुम्हालाही करता येते. हवा पूर्ण काढल्यावर काटा शून्यावर आहे का ते बघा. नसेल तर विचारा, सिस्टर रागावणार नाही. रागावली तरी विचारा.

मोजायचं किती वेळा, ते डॉक्टर ठरवतील. अतिजोखमीच्या बाईसाठी २० आठवड्यांनंतर सकाळ-संध्याकाळ, ठरलेल्या वेळेला, आणि सकाळची मोजणी गोळी घेण्याआधी, हा साधारण नेम. वही अशी दिसावी :

३० आठवडे, सोमवार, सकाळी ७.१० – १२८/८२, १२६/८०. गोळी ७.३० ला.
सोमवार, संध्याकाळी ६.४० – १३२/८६, १३०/८४. डोकं थोडं जड.
मंगळवार, सकाळी ७ – १३६/८८, १३४/८८. पायाला सूज, तोंडाला नाही.
मंगळवार, संध्याकाळी ६.३० – १३८/९०, १३८/८८. डॉक्टरांना फोन.

या वहीत एकही वरचा आकडा १४० ला टेकलेला नाही, तरी फोन झाला, आणि तेच बरोबर आहे. घरच्या मोजणीत १३५/८५ च्या वर सलग राहू लागलं की कळवायचं. दवाखान्यात १४०/९० किंवा जास्त आलं, आणि चार तासांनी किंवा पुढच्या भेटीत पुन्हा तेवढंच आलं, तर ते बीपी धरतात. वरचा आणि खालचा दोन्ही वाढायला हवेत असं नाही. १३०/९४ हेही बीपीच. १६०/११० मात्र वेगळंच प्रकरण आहे. १५ मिनिटांनी पुन्हा मोजा, पण गाडीची सोय त्या १५ मिनिटांतच सुरू करा. दुसऱ्यांदाही तेवढंच आलं तर तासाभराच्या आत औषध पोटात किंवा शिरेत जायला हवं, नाहीतर मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका असतो. "सकाळी जाऊ", "दादा शेतातून येऊ दे", हे इथे चालत नाही.

आणि लक्षणं असतील तर आकडा १६० ची वाट बघू नका. पॅरासिटामॉलने न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे किंवा धुरकट दिसणं, छातीच्या खाली मधोमध किंवा उजव्या बरगडीखाली दुखणं, अचानक तोंडा-हातांवर सूज, आठवड्यात दोन किलो वजन चढणं, लघवी कमी होणं, दम लागणं, बाळाची हालचाल मंदावणं. यातलं बरगडीखालचं दुखणं सगळ्यात जास्त फसवतं. सातव्या-आठव्या महिन्यात बाई म्हणते "जळजळतं", घरातून उत्तर येतं "रात्री ठेचा खाल्ला असेल", मेडिकलवाला अ‍ॅसिडिटीची गोळी देतो. दुखतंय ते सुजलेलं लिव्हर असू शकतं. बीपी मोजल्याशिवाय या दिवसांत अ‍ॅसिडिटीची गोळी देऊच नये. संध्याकाळी पायाला येणारी सूज मात्र बहुतेकींना येते. नुसत्या तिच्यावरून काही ठरत नाही.

झटका आला तर तो बाहेरचा नाही, तो बीपीचाच धरायचा. डाव्या कुशीवर वळवा, तोंडात चमचा-बोट काही घालू नका, पाणी पाजू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, वेळ बघून ठेवा, १०८ ला फोन करा. फोनवर चार गोष्टी सांगा : कितवा महिना, शेवटचं बीपी किती, काय होतंय, आणि गाव कोणत्या फाट्यावरून आत आहे. भगताकडे नेण्यात गेलेला तास परत मिळत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातून पुढे पाठवत असतील तर झटके रोखणाऱ्या मॅग्नेशियम सल्फेटच्या इंजेक्शनचा पहिला डोस तिथेच द्यायला सांगा आणि किती वाजता दिला ते चिठ्ठीवर लिहून घ्या. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्ही ठिकाणी सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. पण धडगाव-मोलगीकडून खाली उतरायचं म्हणजे घाट, आणि पावसाळ्यात त्याचा भरवसा नाही. अशा पाड्यावरच्या बीपीच्या बाईने कळांची वाट न बघता आधीच माहेरघरात (दूरच्या पाड्यांवरच्या गरोदर बायकांसाठी आरोग्य केंद्राजवळची राहायची सोय) किंवा रुग्णालयाजवळच्या नातेवाइकांकडे येऊन राहावं.

लघवीच्या पट्टीचंही एक तंत्र आहे. मधल्या धारेची लघवी हवी, अंगावरून जाणारं पांढरं त्यात मिसळलं तर प्रथिनं खोटीच दिसतात. पट्टी बुडवून रंग ६० सेकंदांनी ताडायचा, पाच मिनिटांनी बघितला तर तो गडदच दिसणार. डबीचं झाकण उघडं राहिलं की पट्ट्या दमट होतात आणि निकामी ठरतात. आपल्या उन्हाळ्यात पाणी कमी पडून लघवी घट्ट होते आणि एक अधिकची खूण विनाकारण येते. तांब्याभर पाणी पिऊन दोन तासांनी पुन्हा तपासावी. दोन अधिक आल्या तर थांबू नये. आणि उलट, पट्टी कोरी आली म्हणून वाढलेलं बीपी माफ होत नाही. प्रथिनं न जाताही प्रीएक्लॅम्पसिया असतो.

उन्हाळ्याचंच आणखी एक. ४४-४५ अंशांत रक्तवाहिन्या सैल होतात, घाम जातो आणि बीपी थोडं उतरतं. तेवढ्यावर "आता बरं आहे" म्हणून गोळी बंद करणं ही सगळ्यात नेहमीची चूक. गोळी चालू आहे म्हणून बीपी ठीक आहे. लॅबेटालॉल, निफेडिपिन, मिथाइलडोपा या गरोदरपणात चालणाऱ्या गोळ्या. दमा असेल तर लॅबेटालॉलआधी सांगावं. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल, एनालाप्रिल बाळाच्या किडनीला घातक. आधीपासून बीपीची गोळी घेणाऱ्या बाईने पाळी चुकली की त्याच आठवड्यात पाकीट घेऊन डॉक्टर गाठावा, तिसरा महिना सरेपर्यंत थांबू नये. बीपी फार वाढलं म्हणून निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली टाकणं अजून कुठे कुठे चालतं. त्याने बीपी धाडकन कोसळतं, ते करू देऊ नका.

जोखमीच्या बाईला डॉक्टर १२ व्या आठवड्यापासून रात्री ७५ ते १५० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन देतात, १६ व्या आठवड्याच्या आत सुरू झाली तर उपयोग जास्त. "रक्त पातळ करायची गोळी कशाला?" म्हणून सासूबाई ती बाजूला ठेवतात. त्यांना सोबत नेऊन डॉक्टरांकडूनच समजावून घ्यावं. कॅल्शियमच्या ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या चौथ्या महिन्यापासून रोज, जेवणासोबत. लोहाची गोळी आणि कॅल्शियम यांत दोन तासांचं अंतर. मिठाचं म्हणाल तर जेवण अळणी केल्याने प्रीएक्लॅम्पसिया टळत नाही. कळण्याची भाकरी, डाळ, भरीत नेहमीसारखं खावं. पापड, बिबडे, लोणचं यांचा रोजचा मारा तेवढा आवरावा, विशेषतः आधीपासून बीपी असेल तर.

दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत किंवा घाटावर जाणाऱ्या जोडप्यांनी कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो मोबाइलमध्ये ठेवावेत आणि महिनाभराच्या गोळ्या बरोबर न्याव्यात. खरं तर बीपी असलेल्या बाईने त्या हंगामात घरीच राहावं. पण उचल घेतलेली असते आणि हे सांगणं सोपं, ऐकणं अवघड, हेही ठाऊक आहे.

बाळ झालं की सगळे हुश्श करतात आणि मशीन कपाटात जातं. बीपी मात्र प्रसूतीनंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवशी सगळ्यात वर जातं, आणि साधी प्रसूती असेल तर तोवर बाई घरी, नाहीतर माहेरी पोचलेली असते. झटका प्रसूतीनंतरही येतो, बहुतेकदा पहिल्या दोन दिवसांत, कधी त्यानंतर कित्येक दिवसांनीही. त्यामुळे पहिले दहा दिवस रोज मोजायचं, आणि डोकेदुखी-काजव्यांचे नियम सहा आठवडे तसेच लागू. आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी बाळाला बघायला येते, तेव्हा बाळंतिणीचं बीपी मोजून घ्यायला उपकेंद्राच्या सिस्टरला निरोप द्या. सुटी मिळताना गोळ्या किती दिवस, हे कागदावर लिहून घ्या. निफेडिपिन, लॅबेटालॉल अंगावर पाजताना चालतात, एनालाप्रिलही डॉक्टर आता देऊ शकतात. टाक्यांच्या दुखण्यासाठी डायक्लोफिनॅक स्वतःहून घेऊ नका, विचारून घ्या.

सहा आठवड्यांनी एकदा आणि बारा आठवड्यांनी एकदा मोजायचं. बारा आठवड्यांनंतरही वाढलेलं असेल तर ते जुनं बीपी धरून पुढचे उपचार. उतरलं तरी दर वर्षी एकदा मोजत राहावं, कारण अशा बाईला पुढे बीपी आणि हृदयविकाराचा धोका जास्त असतो. आणि कार्ड टाकून देऊ नका. त्याच्या मागे चार ओळी लिहा : सगळ्यात जास्त बीपी किती आणि कितव्या आठवड्यात, कोणत्या गोळ्या लागल्या, प्रसूती कितव्या आठवड्यात, बाळाचं वजन किती. पुढच्या खेपेला पाळी चुकली की तेच कार्ड घेऊन जायचं, अ‍ॅस्पिरिन कधी सुरू करायची ते त्यावरूनच ठरेल.